बाजू

बँडचं नाव घेत नाही.
जुन्या बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणायच्या,
तसं आम्ही त्यांना ‘ते’ म्हणतो, चौऱ्याऐंशीपासून.
त्यांचा नवा अल्बम आला, अकरा वर्षांनी.
रेळ्यांच्या भाच्याने लंडनहून रेकॉर्ड आणली
दोन लोकरी स्वेटरांत गुंडाळून,
बाळंतिणीला जपावं तशी.

माहीमला, कापड बाजारात,
ऑलिंडाच्या दुकानामागच्या खोलीत जमलो.
भोवती बिनडोक्याच्या तीन पुतळ्या,
अर्धवट शिवलेल्या लग्नाच्या गाउनांत.
पूर्वी अकराजण असायचो. आता चौघं,
आणि रेळ्यांची मृण्मयी,
जी बापाला गाडीने सोडायला आली
आणि का कोण जाणे, बसली.

सुई टेकली.
मधे एकदा रेकॉर्ड उलटली, तेवढंच.
बशीतली खारी कुणी मोडली नाही, आवाज होतो म्हणून.

आधी रेळे बोलणार हे ठरलेलं.
बँकेतून निवृत्त झाले, तरी शिक्का मारल्याशिवाय
कागद पुढे सरकवत नाहीत.
“शिळ्या कढीला ऊत,” म्हणाले.
“दुसऱ्या अल्बममधली चाल, तीच. फक्त हळू.
गुडघे दुखणारा माणूस जिना चढतो ना, तेवढी हळू.”

फ्रेडून म्हणाला,
“साला, सगला साफ करून टाकला!
लाँड्रीमध्ये दिला होता काय?
पैला कसा खरखर वाजत होता!”
“ती खरखर आपल्या कॅसेटची रे,” ऑलिंडा म्हणाली.
“चौथी कॉपी. तुझ्याकडून मी घेतलेली.”
फ्रेडून गप्प.
चाळीस वर्षं ज्या खरखरीवर जीव टाकला
ती इंग्लंडची नव्हतीच,
ग्रँट रोडची होती.

ऑलिंडाचं दुखणं ड्रमरपाशी.
“नवा पोरगा चुकत नाही.
तो गेलेला, तो कडव्याच्या शेवटी
जरासा उशिरा पोचायचा. माझ्या सिरिलसारखा.
ताट झाकून ठेवायची सवय लागते, बाबा.”

मृण्मयीला कुणी विचारलं नव्हतं.
“शेवटचं चांगलंय,” ती म्हणाली,
“ज्यात त्याला नीट गाता येत नाही.
बाबा घरी लावतात ते सगळं ओरडणं.
इथे तो पहिल्यांदा कुणाशी तरी बोलतोय.”
रेळ्यांनी तिच्याकडे पाहिलं,
सही जुळत नसलेल्या चेककडे पाहावं तसं.

मग माझी पाळी.
म्हटलं, आवाज थकलाय पण आवडला.
गिटार मात्र कोपऱ्यात बसवली बिचारीला,
पाहुण्यांत विधवा आत्या बसवायचे तशी.
वाईट वाटलं.

सगळे माझ्याकडे बघत राहिले.
“गिटार? अरे, गिटारच तर आहे सगळीकडे!”

फेब्रुवारीपासून माझा डावा कान बंद आहे.
डॉक्टर म्हणाले, नस.
एका दुपारी दुकानाचं शटर ओढावं तसा गेला,
कर्रर्र आणि संपलं.
सांगितलं नाही कुणाला. काय सांगणार?
तिथे डावीकडे, दाराजवळ,
दुसरा स्पीकर होता.

“पुन्हा लाव,” म्हणालो.
पंख्याचा वारा लागतो असं काहीसं पुटपुटत
खुर्ची फिरवली. तोंड पुतळ्यांकडे,
पाठ दोस्तांकडे.

आणि ती आली, उजव्या कानात,
वयस्कर, तार थोडी सैल,
घाई नसलेली. इतका वेळ इथेच होती.
गाणारा मात्र आता भिंतीपलीकडे गेला,
शेजारच्या घरात कुणी रागावल्यासारखा पुसट.

“रुसला वाटतं,” मागून रेळे.

ऑलिंडा उठली.
तिच्या ओठांत टाचण्या होत्या, नेहमीसारख्या.
माझा चहा डाव्या हाताशी निवत होता,
तो उचलून तिने उजवीकडे ठेवला,
त्याच बाजूला स्टूल ओढलं,
टाचण्या एकेक करून पुतळीच्या खांद्यात खोचल्या.
“आता बोल,” म्हणाली.

म्हटलं, थांब.
ही बाजू संपू दे.