बर्फ खोडून

ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा खेड्यातलं नाटक
पळशाच्या भागुजी गायधनीनं
सातबाऱ्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवलं.
'बर्फ' खोडलं, 'गारपीट' केलं.
पाद्री काढला, पोलीसपाटील घातला.
दोन भाऊ आणि मधला बांध
होते तसेच राहू दिले.

नाशकात परीक्षक म्हणाले, भाषा जरा शुद्ध करा.
भागुजी म्हणाला, "मंग त्यांनी भांडायचं कशात?"

गावातला प्रयोग शाळेच्या ओट्यावर.
मी पडद्याआड वाक्यं पुरवत होतो.
दुसऱ्या अंकात थोरला भाऊ अडखळला,
मी पान शोधतोय तोवर
समोर चटईवरून
दगूनाना उठला
आणि पुढचं वाक्य बोलला,
जसंच्या तसं.

त्यानं नाटक कधी वाचलं नव्हतं.
त्याचा धाकटा
तीन रांगा मागं बसला होता.