स्किमरचा कप

मिरजेपासून खरा समुद्र
आंबा घाट उतरून आणखी बराच पुढे.
माझा साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद,
लोखंडी स्टँडवर.
स्टँडचा एक पाय बुटका निघाला, म्हणून त्याखाली
औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातलाय.

येणारे आधी मासे मोजतात.
मग म्हणतात, कटकट असेल नाही फार?
नसते. घाण काढायची,
कुजायच्या आत काढायची,
एवढंच.

पहाटे पाच वीस. चहाच्या आधी
स्किमरचा कप काढते.
रात्रभर बुडबुड्यांना धरून वर आलेलं:
न खाल्लेलं, खाऊन टाकलेलं,
प्रवाळांचा शेंबूड.
रंग कोऱ्या चहाचा,
वास आल्या-गेल्याला सांगण्यासारखा नाही.
जुन्या टूथब्रशनं कपाची मान घासते,
कारण मानेवर ओशट थर बसला
की फेस वर चढत नाही.
मग गाळणीचा मोजा बदलते.
कालचा उलटा करून दोरीवर,
शेजारच्या सुलभाताईंना तो
कुणा बाळाचा वाटतो. वाटू दे.

रविवारी नळी लावून तळातला गाळ ओढते,
एक बादली जाते, एक बादली येते,
मीठ मोजून घातलेली.
दगडांच्या बेचक्यांत पिचकारी मारली
की धुरळा उठतो.
एरवी किती स्वच्छ दिसत होतं सगळं.

खायला चिमूटभर. भाचा आला की
मुठीनं टाकतो, प्रेमानं.
प्रेमानं मेलेले तीन मासे
तुळशीच्या कुंडीत आहेत.

सातला ड्यूटी. डायलिसिस, दुसरा मजला.
चार नंबरला नूरुद्दीनचाचा,
हातांची बोटं अजून लाखेनं डागलेली.
सुई लावण्याआधी मनगटावर
बोट ठेवून बघते, फिस्च्युला गुणगुणतेय का.
तेही कान देतात, स्वतःच्याच हाताला.
"आज उतरलीय जरा," म्हणतात,
आणि बीपी खरंच उतरलेलं असतं.

चार तास पडून बोलतात ते भोपळ्यांबद्दल.
आतला गर नखानं खरवडावा लागतो,
चिकटून राहिला जरासा, घाई केली,
तर गिऱ्हाइकाला कळत नाही,
दोन वर्षांनी सतार सांगते.
मी त्यांना कपाबद्दल सांगितलं.
"रोज काढतेस?"
रोज. यंत्र तर चोवीस तास चालू.
"आणि आम्हाला आठवड्यातून तीनदा,"
म्हणाले, आणि हसले,
"समुद्र नशीबवान आहे."

श्रावणात एकदा घरी आले.
जिना एकोणीस पायऱ्यांचा, दोनदा थांबले.
माशांकडे बघितलंच नाही.
डोळे मिटून टाकीला कान लावला.
"हे खाली काय वाजतंय?"
स्किमरचा पंप, चाचा.
"काळी दोनच्या खाली घसरलाय.
कुठेतरी काहीतरी अडकलंय बघ."

मला पाणी नितळ दिसत होतं.
कप भरत होता, थोडा कमी, पण भरत होता.
वाटलं, म्हातारपण.
तरी ते गेल्यावर पंप उघडला:
पंख्याला चुन्याचं पांढरं कवच,
आणि त्यात अडकलेला गोगलगायीचा
तांदळाएवढा शंख.
रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवला.
सकाळी लावला तर फेस
असा चढला की कप ओतून
फरशीवर आला, मोजा भिजला,
मी पाय वर घेऊन खुर्चीत.

फोन लावला. मोबाइल काचेशी धरला.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
नुसता कुणाच्या तरी कुकरचा आवाज.
मग: "हां. आता जागेवर आलं."
आणि लगेच, हळू आवाजात,
"सोमवारी वजन करशील तेव्हा
रागावू नकोस पोरी.
काल कलिंगड खाल्लंय."