दाटीवाटी

ॲगापँथसला ऐसपैस जागा दिली की तो नुसती पानं काढत बसतो,
हे इद्वालनं मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं,
आणि मग चाळीस वर्षं आम्ही
या दोन खोल्यांत राहिलो.

कुंडी लहानच हवी, म्हणायचा.
मुळांनी मुळांना कोपर मारलं पाहिजे,
तेव्हा कुठे जुलैत दांडा वर येतो
आणि टोकाशी निळं काहीतरी फुटतं,
ज्याला फूल म्हणणं म्हणजे
समुद्राला ओल म्हणण्यासारखं.

भिंतीकडेचा वाफाही त्याचाच.
मागे निफोफिया, भट्टीतून नुकत्याच ओढलेल्या सळ्या,
पुढे क्रोकॉस्मिया, बोलघेवड्या पाहुण्यासारखा पसरणारा,
आणि डिएरामा,
जागा बदलली की तीन वर्षं अबोला.
नेरीनचे कांदे मानेपर्यंत उघडे, दगडाशी शेकत.
शेजारचा ग्विलिम कुंपणावरून ओरडायचा,
अरे, बिचाऱ्यांना पांघरूण तरी घाल!
ऑक्टोबरात, बाकी सगळ्यांनी गाशा गुंडाळल्यावर,
ते पानांवाचून, उघड्या अंगानं गुलाबी व्हायचे
आणि ग्विलिम गप्प.

आता इद्वालचा उजवा हात मांडीवर असतो,
कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.
सकाळी नऊला नोलुंडी येते.
तीस वर्षं इथं राहिलेल्या इंग्रज डॉक्टरला
आमच्या ल्हानबेद्रोगचा पहिला फुसकारा जमला नाही,
हिनं दारातच बिनचूक म्हटलं.
आमच्या खोसातही आहे हा, म्हणाली,
आणि बूट काढले.

पहिल्या उन्हाळ्यात ती कुंड्यांपाशी थबकली.
मला वाटलं, आता डोळे भरून येतील.
ती हसत सुटली.
याला कुंडी? हिवाळ्यात शेडमध्ये बिछाना?
आमच्याकडे हा रस्त्याच्या दुभाजकावर असतो,
नाताळात फुलतो, आणि कुणी वळून बघत नाही.
मग बऱ्याच वेळानं, इद्वालला मोजे चढवता चढवता,
माझी आत्या याचं मूळ पाण्यात ठेवायची,
पोटुशी बाई ते पाणी प्यायची.
त्याचं नाव सांगताना मध्येच
तिनं दातांशी जिभेचा एक चुटका वाजवला.
मी तीन आठवडे भांडी घासताना तो वाजवून बघितला.
नाही जमला.

फेब्रुवारीत सगळ्यात मोठी कुंडी रात्रीत तडकली.
खापऱ्या गळून पडल्या
आणि मुळं तशीच उभी,
कुंडीच्या आकाराची, कुंडीवाचून.
मी हात लावेना.
इद्वालच्या तोंडून त्या महिन्यातला एकच शब्द निघाला:
करवत.

नोलुंडीनं धरलं, मी चालवली.
आवाज ओल्या दोरखंडाचा.
आत मेणबत्त्यांसारखी पांढरी मुळं, एकमेकींत इतकी रुतलेली
की कुठली कुणाची, ते त्यांनाच विचारावं.
इद्वाल डाव्या हाताच्या बोटानं दाखवत होता:
इथं. नाही, इथं.
एक तुकडा वाफ्यात, एक नव्या कुंडीत,
तिसरा नोलुंडीच्या मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून,
बसनं पुल्हेलीला, तिसऱ्या मजल्यावर.

ऑगस्ट नुसता हिरवा गेला.
तिघांपैकी एकाचाही दांडा नाही.
माझा तिकडच्या डिसेंबराची वाट बघत असेल, नोलुंडी म्हणते,
आणि बादलीत कपबशा पिळल्यासारखी फडकी पिळते.

संध्याकाळी मी खुर्ची बाहेर ढकलते.
इद्वाल डावा हात नव्या कुंडीत घालतो,
कडेकडेनं माती चाचपतो.
बोट पेरापर्यंत आत जातं,
मग दुसऱ्या पेरापर्यंत.
माझ्याकडे बघून मान हलवतो:
अजून
ऐसपैस आहे.