विनाथांबा

सहा किलोमीटरचा एक टप्पा.
गंगाखेड स्टँडावर सव्वीस वर्षं
एवढ्याच गणितावर काढली.
परभणी सात टप्पे, परळी पाच,
लोहा म्हणाल तर ते रस्त्याला विचारा.

सत्यशीलाचं तिकीट मोबाईलवर आलं:
मस्कत ते बँकॉक.
हॉटेलवाल्यांनी तिची तिकडच्या हॉटेलात बदली केली.
काम तेच, म्हणाली, आण्णा,
चादरी पांढऱ्याच, फक्त मजले जास्त.
साडेचार हजारांवर साठ किलोमीटर.
मी लॉगशीटच्या पाठीवर भागाकार मांडला,
सातशे साठ टप्पे.
वेळ पावणेसहा तास.
तेवढ्यात आपली पुण्याची गाडी
जामखेडच्या अलीकडं चहाला थांबलेली असते
आणि कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून भांडत असतो.

इलियास मेकॅनिकच्या मोबाईलात
आभाळातली सगळी विमानं दिसतात,
पिवळी, मुंगळ्यांएवढी.
ग्रीसचं बोट न लावता, नखानं दाखवत म्हणाला,
हे बघा साहेब, रोज इथूनच जातंय,
आपल्या जिल्ह्याच्या डोक्यावरून.
परभणी ते गंगाखेड एवढं अंतर
तीन मिनिटांत.
पोखर्णी नाही, दैठणा नाही,
हात दाखवणारी म्हातारी नाही,
डिझेलच्या वासानं उलटी करणारं लेकरू नाही.

तिकडून सुटणार दहा दहाला,
म्हणजे आपले अकरा चाळीस.
मधला दीड तास कुणाच्या खात्यावर टाकायचा
ते आमच्या नियमात नाही.
मी मुद्दाम रात्रपाळी मागून घेतली.
तिला सांगितलं, उजवीकडची खिडकी घे.
हो म्हणाली, घाईत होती.

दोन वाजता स्टँडावर तिघं.
बाकड्यावर मुसक्या बांधून झोपलेला मनुष्य,
एक कुत्रं,
आणि लातूरची वाट बघणारी बाई, कडेवर पोतं.
लातूर किती वाजता हो?
मी म्हटलं, निघाली असेल तर येईल.
त्याच वेळी मला हे मात्र पक्कं ठाऊक होतं
की दोन बाराला अकरा किलोमीटर उंचीवरून
माझी पोरगी जाणार आहे.

इलियास मोबाईल धरून पळत आला.
साहेब, पाथरी सोडलं!
मी माईक चालू केला.
खरखर झाली, कुत्रं उठलं.
प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे.
मस्कतहून येऊन बँकॉककडे जाणारी गाडी
थोड्याच वेळात गंगाखेडवरून जात आहे.
ही गाडी विनाथांबा आहे.
कृपया कुणी चढण्याचा प्रयत्न करू नये.

बाईनं पोतं खाली ठेवलं आणि
फलाटाकडं बघितलं, आधी एक नंबर,
मग दोन, मग माझ्याकडं.
वर काही दिसलं नाही.
ढगही नव्हते, म्हणून ढगांना बोल लावता आला नाही.
आवाज आला की आला असं वाटलं,
ते इलियासला वाटलं का मला, ठरलं नाही.

रजिस्टरात लिहिलं:
आगमन २.१२, निर्गमन २.१२.
लातूर आली पावणेचारला, एका हेडलाईटवर.

सकाळी तिचा मेसेज:
पोचले. गाढ झोप लागली होती.
जेवणात भात दिला.

माईकचं तिला अजून सांगितलेलं नाही.
महिन्यानं तपासणीला साहेब आले,
चष्मा कपाळावर चढवून त्या ओळीवर बोट ठेवलं.
ही कोणती?
म्हटलं, जादा गाडी होती साहेब.
त्यांनी सही केली.