मुठीचं वजन

ऑक्टोबर उजाडला तो लग्नातच.
नवरा मुलगा माझा नेमका कोण, अजून ठाऊक नाही,
पण कुताइसीत असं विचारत नाहीत;
टेबलाला कोपरा मोकळा असला
की माणूस नात्यातलं.
तामादानं अकरावा प्याला उचलला मेलेल्यांसाठी,
बारावा अजून न जन्मलेल्यांसाठी,
आणि मी मांडीवरच्या रुमालाखाली लिहीत होते:
वांग्याच्या गुंडाळीत अक्रोड, व्हिनेगर जरा पुढे,
वर डाळिंबाचे दाणे मोजून सात.
हात आखडता, की सुबक?
माझ्या पेशात हे ठरवण्याचे पैसे मिळतात,
ओळीवर, तेही दोन महिन्यांनी.

मग तेरजोलाला द्राक्षं.
तांब्याच्या कढईत रस आटतोय, मक्याचं पीठ पडतंय,
दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्यात बुडून
गडद होऊन बाहेर येतात,
आणि गांधीलमाशा आमच्याआधी चव घेतात.
मी मदत केली म्हणजे
सगळ्यांच्या वाटेत उभी राहिले.

तिसऱ्या आठवड्यात बाप्तिस्मा आणि चाळिसावा,
मध्ये एकच रात्र.
तेच भाड्याचे बाक, तीच पातेली,
तोच स्वयंपाकी ओतिया, शर्टही तोच.
काल ज्या डावानं हसत वाढलं
त्याच डावानं आज खाली बघून मटणभात.
मीठ दोन्ही दिवशी बरोबर होतं.
हे मी छापायला दिलं नाही.

बाजारात मझेविनारकडे निळ्या मेथीची पूड घेतली.
आमच्या भाषेत तिचं नाव परका सुगंध.
उगवते इथेच, डोंगरउतारावर,
रस्त्याकडेच्या चरातसुद्धा.
"मग परकी कशी?" मी विचारलं.
मझेविनार पुडी बांधत म्हणाली,
"माझी सून बारा वर्षं घरात आहे,
तिलाच विचार."

आणि इकडे संपादक बेसारिओन फोनवर फोन:
"चिमूट, मूठ, पसा, हे चालायचं नाही.
ग्रॅम लिही.
वाचकाच्या घरी काटा आहे,
तुझी नाझिब्रोला नाही."

म्हणून काटा पिशवीत घालून मारश्रुतकानं गेले.
नाझिब्रोला, शाळेच्या खाणावळीत सव्वीस वर्षं,
चारशे पोरांचं जेवण डोळ्यानं मोजणारी,
काट्याकडे असं बघत होती
जसं कुणी चपला घालून ओट्यावर चढलंय.
"मूठ टाक," म्हटलं. बासष्ट.
"परत." एकोणसाठ.
"बघ," ती म्हणाली, "यंत्राला काही कळत नाही."
तेवढ्यात पोलंडहून एल्गुजाचा फोन,
बांधकामावरनं, मागे घणांचा आवाज,
नाताळाला येतोय, तिकीट काढलंय.
फोन खांद्यात धरून तिनं तिसरी मूठ टाकली
न बघता.
चौऱ्याऐंशी.

एकतीस तारखेला लेख पाठवला:
अक्रोड एक मूठ, कोण येणार ते बघून.
बेसारिओननं मागचा अर्धा कापला,
पुढच्याच्या जागी बासष्ट ग्रॅम छापलं.
एकाही वाचकाची तक्रार आली नाही.
म्हणजे बेसारिओनचं बरोबर होतं,
निदान बासष्टपुरतं.

त्या रात्री घरी मक्याची भाकर,
बरणीतली जोनजोली, खिडकीबाहेर
पानं गळलेल्या झाडावर पिकणारे पर्सिमन.
काटा अजून पिशवीतच होता.
काढला. माझी मूठ टाकून बघितली.
एकेचाळीस.
कोणी येणार नव्हतं.
काटा बंद केला
आणि आणखी तीन अक्रोड फोडले.
एक खवट निघाला.