हातचा

दोन कोटेशनं टेबलावर, वर पाना ठेवलेला,
कारण इथला वारा दार लावलं तरी
घरचाच असल्यासारखा आत येतो.

एकात सुट्या बाटल्या: पॅलेटवर एकोणीसशे,
थरावर थर, मध्ये पुठ्ठा,
भोवती प्लास्टिकची घट्ट बंडी.
दुसऱ्यात खोक्यातल्या, डझनावारी, उलट्या,
ज्याच्या त्याच्या कप्प्यात,
शिक्षा झालेल्या पोरांसारख्या.
बाटलीमागे फरक अकरा सेंटांचा.

थॅड कॉर्कम, माझा भागीदार,
बहिणीचा नवरा होता तोवर मेहुणाही,
पेन्सिल जिभेला लावून म्हणाला,
"अकरा गुणिले एकोणीसशे.
पॅलेटमागे दोनशे नऊ डॉलर.
एवढ्यात हॉप्स येतात, बाई, हॉप्स."
मी म्हटलं, घे.

ट्रक गल्लीत वळेना.
ड्रायव्हरनं पॅलेट चर्चच्या पायऱ्यांशी उतरवलं,
सही घेतली, लुनेनबर्गच्या रस्त्याला लागला.
आमच्याकडे फोर्कलिफ्ट नाही. एक ढकलगाडी आहे,
तिचं एक चाक समुद्राकडे ओढतं.

थॅडनं चाकूनं बंडी फाडली,
वरचा पुठ्ठा उडून थेट धक्क्यापर्यंत गेला,
आणि वरच्या थरातली अडीचशे तोंडं
एकदम घुमू लागली.
खालच्या पट्टीत, लांबवर,
धुक्यात बोट वाट विचारते तसं.
आम्ही दोघं गप्प.
माल घेतला होता, आवाज कोटेशनमध्ये नव्हता.

समोरच्या घरातून व्हर्ना निकल बाहेर आली,
हात एप्रनला पुसत: "कुणाची बोट?"
आणि उत्तराची वाट न बघता
बोटांच्या बेचक्यांत बाटल्या धरून चालू लागली.
एका हातात चार. दुसऱ्यात चार.
एकतीस वर्षं तिनं हेरिंग भरले होते
त्या कारखान्यात, जिथं आता सुट्टीतली घरं आहेत.

सुट्या बाटल्यांना खोकी वेगळी घ्यावी लागतात.
ती सपाट येतात, पत्रासारखी.
व्हर्ना संध्याकाळी यायची, रेडिओ लावायची,
बुडाच्या चार पाकळ्या, एक दाब,
खोकं उभं.
मी एक करीपर्यंत तिची पाच.
पैसे घेत नसे. शुक्रवारी तीन काळ्या बिअर न्यायची,
"भावासाठी."
तिला भाऊ नव्हता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

फेब्रुवारीत तिचा खांदा गेला.
मंक्टनहून मुलगी आली, गाडी सुरूच ठेवून,
आणि तिला घेऊन गेली.

पुढचं पॅलेट आम्ही दोघांनी उपसलं.
बाटल्या आणा, धुवा, भरा,
मग खोकी दुमडा. रात्रीचे दोन.
थॅडनं अंगठा कापून घेतला, टेपनं बांधला,
टेपवर टेप.
मी त्याचा जुना कागद काढला:
अकरा गुणिले एकोणीसशे.
गुणाकार बरोबर होता.
फक्त हातचा धरायचा राहिला होता.
आठ बाटल्यांचा हातचा. रेडिओचा. नसलेल्या भावाचा.

आता खोक्यातल्या घेतो.
दोघांत तासाभरात माल आत.
काढा, धुवा (पुठ्ठ्याची धूळ आत असतेच,
ते विकणारा सांगत नाही),
भरा, त्याच खोक्यात परत.
आवाज नाही. तोंडं खाली.
थॅड म्हणतो, महाग पडतं, पण झोप लागते.
खरं आहे. मलाही लागते.

एकोणीसशेला बारानं भागलं की
बाकी चार उरते.
त्या पहिल्या पॅलेटमधल्या चार
वरच्या खिडकीच्या फळीवर अजून उभ्या आहेत, रिकाम्या.
वारा आग्नेयेकडून आला की
त्यांतल्या तीन घुमतात. चौथीच्या तोंडाला टवका गेलाय,
ती नुसतीच फुंकते.

थॅड म्हणाला, धुऊन भरून टाक की, तीन तर तीन.
मी म्हटलं, भरते.
खोकं कुठाय?