काडीमोड

चौथीत होतो. वागळे इस्टेटमधली
एकही पाटी माझ्या तडाख्यातून सुटत नसे :
रोड नंबर सोळा, येथे थुंकू नये,
हेल्पर पाहिजे, जागा शिल्लक नाही.
किसननगरच्या आमच्या चाळीत
कुणाचंही पत्र आलं की हाक मलाच.

सगुणामावशी स्टोव्हपाशी बसली होती,
पिन मारून झालेली, काडी हातात.
"वाच रे, सुरतेचंय."
मी उभा राहिलो प्रार्थनेला राहतो तसा
आणि खणखणीत वाचलं,
स्वल्पविरामाला थोडं, पूर्णविरामाला जास्त थांबत,
घोरपडेबाईंनी शिकवलं होतं अगदी तसं.
एक शब्द अडला. अडला म्हणजे
वाचता आला, कळला नाही.
"मावशी, काडीमोड म्हणजे?"

तिनं हातातल्या काडीकडे पाहिलं.
"काही नाही रे. काडी मोडते, ती."
मोडली मात्र नाही तिनं. पेटवली,
आणि बोटांपर्यंत येऊ दिली.
मग म्हणाली, "छान वाचतोस.
पुन्हा एकदा वाच, सावकाश."

मी पुन्हा वाचलं. जास्त छान.
बक्षीस म्हणून शेंगदाण्याची वडी मिळाली,
ती जिन्यातच संपवली.

अर्थ कळला सातवीत, कुणाच्यातरी भांडणात,
नळावर, हंडा अर्धा भरलेला असताना.
तोवर मावशीची खोली दुसऱ्या कुणाची झाली होती.

आता पत्रं येत नाहीत कुणाला.
तरी कुणी कागद पुढे केला,
लाइटचं बिल का असेना,
की मी आधी मनात वाचतो,
शेवटच्या ओळीपर्यंत,
आणि समोरच्याच्या हातात काय आहे ते पाहतो.